नातं जोडलं, खातं तोडलं

आपल्या घरात काय काय सामाईक असतं, कधी मोजून पाहिलंत? वाय-फाय एक, लॅपटॉप एक, पैसे भरायचं कार्ड बहुधा नवऱ्याचं, आणि ओटीपी येतो तो थोरल्या मुलाच्या फोनवर. आपण याला एकोपा म्हणतो. मोबाईलवरच्या ॲपच्या दुकानातली यंत्रणा मात्र याच गोष्टी पाहते आणि तिला शंका येते, ही एकच टोळी तर नाही ना?

सांगते. घरबसल्या ॲप बनवणाऱ्या मुली आता लहान गावांतही आहेत. ते ॲप लोकांपर्यंत पोचवायचं तर गुगल किंवा ॲपलच्या दुकानात बनवणाऱ्याच्या नावाचं खातं काढावं लागतं. गुगलकडे एकदाच २५ डॉलर, ॲपलकडे दरवर्षी ९९. ओळखपत्र द्यायचं, नियम मान्य करायचे. गुगलच्या नियमांत तर स्पष्टच आहे की, एखादं खातं गैरप्रकारासाठी बंद झालं, तर त्याच्याशी संबंधित खातीही बंद होऊ शकतात. ‘संबंधित’ कसं ठरवतात, ते उघड सांगत नाहीत. उघड केलं तर लबाड शहाणे होतील, हे त्यामागचं कारण.

माझ्या मावसबहिणीच्या सुनेला याचा फटका बसला, अशाच एका दुकानात. तिने बचतगटांसाठी हिशेबाचं ॲप केलं होतं. कुणी किती भरले, कुणाचं कर्ज किती फिटलं, महिन्याचा ताळा... एके सकाळी ई-मेल आला : फसवणुकीचा संशय, पूर्वी बंद केलेल्या खात्याशी संबंध, तुमचं खातं कायमचं बंद. कुठलं खातं, कसली फसवणूक, एक अक्षर नाही! घरात विचारपूस झाली तेव्हा धाकट्या दिराने हळूच सांगितलं, त्याने मागे कुणाचा तरी गेम उचलून आपल्या नावाने टाकला होता, तेव्हा त्याचं खातं बंद झालं होतं. लॅपटॉप हाच. वहिनीला सांगायचं राहून गेलं म्हणे.

ॲप गेल्याचं दुःख होतंच. पण गावात पोचला तो ‘फसवणूक’ हा शब्द. ज्यांच्या फोनमध्ये ॲप आधीपासून होतं त्यांचं चालू होतं, नवा फोन घेतलेलीला मात्र ते सापडेना. गटातली एक ताई दारात येऊन म्हणाली, ‘अगं, आमचे पैसे तर बुडाले नाहीत ना?’ पैसे बँकेत होते, ॲपमध्ये नुसत्या नोंदी. पण हे दारोदार कोण समजावणार? तिनेच समजावलं, आणि गटांच्या वह्या पुन्हा हाताने लिहून काढल्या.

आता दुकानदाराची बाजूही ऐकायला हवी. झटपट कर्ज देणाऱ्या ॲपांनी काय छळ मांडला होता, आठवतंय ना? फोनमधले फोटो विद्रूप करून नातेवाइकांना पाठवायचे. त्यात बायकाच जास्त भरडल्या, असं माझं मत. सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ या काळात गुगलने अशी २,२००हून अधिक कर्ज-ॲप काढून टाकल्याचं केंद्र सरकारने संसदेत सांगितलं. २०२३ या एका वर्षात गुगलने ३ लाख ३३ हजार खाती बंद केली. असा हाकललेला माणूस लगेच बायकोच्या किंवा आईच्या नावाने परत येतो. म्हणून नाती शोधावी लागतात. कडकपणा हवाच.

पण शिक्षा देताना आरोप तरी सांगाल की नाही? मोठ्यांचं ऐकलं जातं. मार्च २०२४ मध्ये ॲपलने ‘एपिक गेम्स’ या बड्या कंपनीचं स्वीडनमधलं खातं बंद केलं; युरोपीय आयोगाने विचारणा करताच काही दिवसांत ते परत मिळालं. त्याच महिन्यात शुल्काच्या वादातून गुगलने भारत मॅट्रिमोनी, नोकरी यांसारखी ॲप काढली, आणि केंद्रीय मंत्र्यांनी लक्ष घातल्यावर तीही परतली. आमच्या सुनेसाठी कोण मंत्री फोन करणार? तिच्या वाट्याला अपिलाचा एक फॉर्म.

युरोपात २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार, असं व्यवसायाचं खातं बंद करायचं तर साधारणपणे ३० दिवस आधी, लेखी कारणांसह कळवावं लागतं. काही अपवाद आहेत, तरी पाया तोच. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या नियमांत तक्रार अधिकारी आहे, २०२३ पासून त्याच्यावर अपील समित्याही आल्या. पण त्यांचा रोख मुख्यतः समाजमाध्यमांवरच्या मजकुराकडे. ॲपवर पोट असलेल्यांना नोटीस, कारण आणि माणसाकडून सुनावणी, एवढं तरी कायद्याने मिळालंच पाहिजे. स्त्रियांना उद्योजक व्हा म्हणून सांगणाऱ्या सरकारने हे मनावर घ्यावं.

तोवर आपल्या हातातलं आपण करू या. खातं उघडण्याआधी घरात स्पष्ट विचारा, कुणाचं बंद झालंय का? ई-मेल, फोन नंबर, कार्ड स्वतःचं ठेवा. ‘वहिनी, तुमचं पॅन जरा द्या ना’ म्हणणाऱ्या भाऊजींना नाही म्हणताना जीभ अडखळते, ठाऊक आहे मला... तरी म्हणा. तयार खातं विकत किंवा भाड्याने मागणारेही भेटतील. त्यांना तर दारातूनच परत पाठवा. ॲपची आणि नोंदींची एक प्रत स्वतःजवळ असू द्या. आणि खातं बंद झालंच, तर अपिलात दिराची गोष्ट न लपवता लिहा, सोबत कागद जोडा. सासूबाईंच्या नावाने नवं खातं उघडायच्या फंदात पडू नका. तेही बंद होतं, आणि मग संशय खराच होता असं समोरच्याला वाटतं.