वयाचा दाखला आणि आडनाव

जुगाराचे खेळ, अश्लील चित्रफिती, अनोळखी माणसांचे गोड बोलणे यांपासून मुलांना वाचवले पाहिजे, याविषयी शिक्षकांत दुमत नाही. प्रश्न आहे तो वय सिद्ध कसे करायचे आणि कोणापुढे, हा.

ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. आपल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक असून, त्याची माहिती वापरण्यापूर्वी कंपनीने पालकाची पडताळणीयोग्य संमती घ्यावयाची आहे. परंतु बालक कोण हे ओळखायचे, तर वय सर्वांनाच विचारावे लागणार.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे शाळा सोडल्याचा दाखला आठवतो. आपल्या राज्यात पिढ्यान्‌पिढ्या वयाचा पुरावा म्हणून हाच कागद चालला, आणि त्याच कागदावर जातही लिहिलेली. (जन्मतारीख तर पुष्कळदा गुरुजींनी अंदाजाने घातलेली १ जून!) जातीच्या त्या नोंदीने शिष्यवृत्ती मिळाली, हे खरेच, पण केवळ वय दाखवू इच्छिणाऱ्याला जात झाकण्याची सोय नव्हती. आजच्या ओळखपत्रावर जातीचा रकाना नसेल, आडनाव आहे. आणि आपल्या समाजात तेवढे पुरते.

शिवाय गोळा झालेली माहिती फुटते. वयाची खातरजमा करण्यासाठी घेतलेली सुमारे ७०,००० वापरकर्त्यांच्या ओळखपत्रांची छायाचित्रे उघड झाली असावीत, असे डिस्कॉर्ड कंपनीने २०२५ मध्ये स्वतःच सांगितले. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने मान्य केलेला खासगीपणाचा मूलभूत हक्क बालकांचाही आहे.

म्हणून माझे मत असे की, ‘अठरा पूर्ण: होय अथवा नाही’ एवढेच उत्तर कंपनीच्या हाती पडावे. २०२५ च्या नियमांत ओळख व वय यांच्याशी जोडलेल्या आभासी टोकनची सोय पर्याय म्हणून आहे. तीत नाव-आडनाव कंपनीला कळू न देण्याची अट घालून ती सक्तीची करावी. मुलांचा माग काढणे आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणे यांस अधिनियमाने घातलेली मनाई मला संमतीच्या कलमाहून मोलाची वाटते, कारण तिचा भार मुलावर नाही, कंपनीवर आहे.

आणि संमती तरी कोण देणार? ऊसतोडीला गेलेल्या आईबापांजवळ मिळून एकच फोन, तोही बहुधा साधा. वसतिगृहाचा अधीक्षक कायद्याने पालक ठरत नाही. अशा मुलाला अभ्यासाचे संकेतस्थळ उघडायचे असेल, तर त्याच्या वतीने ‘होय’ कोणी म्हणावे, हे शासनाने निवासी शाळांना लेखी कळवावे.