सत्काराची वेळ

सिंधमधून आलेल्या निर्वासितांनीं १९४७ नंतर लष्करी छावणीच्या बराकींत संसार मांडले आणि त्यांतून उल्हासनगर उभें राहिलें. तेथें १९६५ सालीं चांदीबाई हिंमतमल मनसुखानी महाविद्यालय निघालें. पुढें अंबरनाथ-बदलापुराकडील मुलामुलींचीहि घराजवळ उच्च शिक्षणाची सोय होत गेली. आतां या पट्ट्यांत महाविद्यालयें बरींच आहेत. त्यांचीं स्नेहसंमेलनें होतात, आणि वयाचा मान म्हणून आम्हांसहि मधूनमधून पहिल्या रांगेंत खुर्ची मिळते.

गेल्या हिवाळ्यांत अशाच एका संमेलनांत माजी खेळाडूंचा सत्कार झाला. कबड्डी, खोखो, पोहणें, मल्लखांब, धांवणें अशा निरनिराळ्या खेळांत विद्यापीठाकडून किंवा राज्याकडून खेळलेले सात-आठ स्त्रीपुरुष व्यासपीठावर बसले होते. कोणाचे केस पांढरे झालेले, कोणी गुडघ्यास पट्टा बांधून आलेला. प्रत्येकास शाल, श्रीफळ व मानपत्र मिळालें. आम्हींहि मनापासून टाळ्या वाजविल्या.

समारंभ आटोपल्यावर त्यांपैकीं एक गृहस्थ खालीं उतरून आमच्याकडे आले व वांकून नमस्कार करून म्हणाले, "सर, ओळखलंत का?" ओळख पटली, आणि तिच्याबरोबर एक जुनी गोष्टहि आठवली. तीस वर्षांपूर्वीं हा आमच्या वर्गांत असतां त्यानें जिल्ह्याच्या कबड्डी सामन्यांसाठीं दोन दिवसांची रजा मागितली होती. सहामाही परीक्षा जवळ आली होती. आम्हीं अर्ज परत केला. इतकेंच नव्हे, तर सर्व वर्गादेखत सुनावलें कीं, ज्याचीं धातुरूपें पाठ नाहींत त्यानें मैदानाची वाट विसरावी. तो सामन्यांस गेला नाहीं. पुढें महाविद्यालयांतील एका क्रीडाशिक्षकांची दृष्टि त्याच्यावर पडली, म्हणूनच तो खेळाडू झाला. "गम् धातूचीं रूपें अजून येतात हं, सर!" असें तो हंसत म्हणाला. त्याच्या बोलण्यांत राग नव्हता. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. ज्याच्या शालीस आम्हीं टाळ्या वाजविल्या, त्याला खेळावयाच्या वेळीं आम्हींच अडविलें होतें.

त्या रात्रीं आम्हांस खाशाबा जाधवांची हकीकत आठवत राहिली. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे हे मल्ल कोल्हापुरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें त्यांचा सहावा क्रमांक आला. १९५२ सालीं हेलसिंकीस जावयाचें तर पैशाची अडचण. तेव्हां प्राचार्य खर्डेकर यांनीं स्वतःचें घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनीं तेथें कांस्यपदक जिंकलें. स्वतंत्र भारताचें हें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. दुसरें मिळण्यास १९९६ साल उजाडावें लागलें. परत आल्यावर बैलगाड्यांची मोठी मिरवणूक निघाली, आणि पुढें खाशाबांनीं कुस्त्यांचा फड भरवून, त्यांत स्वतः लढून, प्राचार्यांचें घर सोडविण्यास पैसा उभा केला.

त्यानंतर त्यांनीं पोलिसखात्यांत नोकरी केली. १९८४ सालीं ते अपघातांत वारले. अर्जुन पुरस्कार त्यांस २००० सालचा, म्हणजे मरणोत्तर मिळाला. दिल्लीच्या कुस्ती क्रीडागारास त्यांचें नांव देण्यांत आलें तें २०१० सालीं. आणि आतां १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडादिन म्हणून पाळला जातो. हें सर्व योग्यच झालें. पण या सर्व मानांत खाशाबांच्या हातीं उपयोगास पडला असा मान कोणता? खर्डेकरांनीं घर गहाण ठेवलें तोच. तो पदकाच्या आधीं झालेला सत्कार होता.

आपल्या घरांतून यावर एक आक्षेप ठरलेला असतो: खेळाच्या नादानें विद्या बुडते. आम्हींहि तो वर्षानुवर्षें उच्चारला आहे. पण दिनकर बळवंत देवधर हे पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयांत संस्कृतचेच प्राध्यापक होते ना? १९२६ सालीं गिलिगनच्या इंग्लिश संघाविरुद्ध त्यांनीं १४८ धावा काढल्या. त्यांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें १९३९-४० व १९४०-४१ असा लागोपाठ दोनदां रणजी करंडक जिंकला. आणि वयाच्या बावन्नाव्या वर्षीं त्यांनीं एकाच सामन्यांत दोन शतकें झळकाविलीं. १९७३ सालीं त्यांच्या नांवाचा करंडक सुरू झाला, १९९१ सालीं पद्मभूषण मिळालें, आणि हें सारें पाहून १९९३ सालीं, शंभरी ओलांडून, ते गेले. शब्दरूपें आणि धावा एकाच घरांत सुखानें नांदल्या! मान डोळ्यांदेखत मिळाला तर कसा शोभतो, हेंहि देवधरांकडे पाहून कळतें.

मुलींच्या बाबतींत आपण अधिकच कृपण असतों. अंजली भागवत यांच्या हातीं रायफल आली ती मुंबईच्या कीर्ति महाविद्यालयांत छात्रसेनेच्या निमित्तानें. २००० सालीं त्या सिडनीच्या ऑलिंपिकमध्यें अंतिम फेरीपर्यंत पोहोंचल्या आणि पुढें खेलरत्न झाल्या. "मुलीच्या जातीला बंदूक कशाला?" असें म्हणून कोणी त्यांस घरीं बसविलें असतें, तर आपण कशास मुकलों हें आपणांस कळलेंहि नसतें.

अंबरनाथच्या शिवालयावर शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा, शिलालेख आहे. त्यामुळें शिलाहार राजा मम्वाणी याचें नांव साडेनऊशें वर्षांनंतरहि आपणांस वाचावयास मिळतें. प्रत्येक महाविद्यालयानें गुणवंत विद्यार्थ्यांच्या फलकाशेजारीं खेळाडूंचा फलक अवश्य लावावा. पण फलक हें शेवटचें काम झालें. त्यापूर्वीं पहांटेच्या लोकलनें सरावास निघणाऱ्या मुलास कोणी तरी डबा भरून द्यावयास हवा. बुटांचे पैसे काकांनीं, नाहीं तर आजोबांनीं, न कुरकुरतां काढावयास हवेत. सामन्याच्या दिवशीं मुलीची स्वयंपाकघरांतील पाळी दुसऱ्या कोणीं उचलावयास हवी. आणि शिक्षकानें रजेच्या अर्जावर सही करावयास हवी. एकत्र कुटुंबांत माणसें पुष्कळ असतात. हीं कामें वांटून घेतलीं तर एकावर भार पडत नाहीं.

आमचे ते माजी विद्यार्थी हल्लीं बदलापुरांत संध्याकाळीं मुलांस कबड्डी शिकवितात. सामन्यांमुळें ज्यांचे संस्कृतचे पाठ बुडतील, त्यांस आमच्या ओटीवर पाठवावें, असें आम्हीं त्यांस सांगितलें आहे. गेल्या रविवारीं दोघे आले. एकाच्या कोपराला खरचटलेलें होतें. आम्हीं प्रथम हळद लावली, आणि मग गम् धातु काढला.