तबकडी जुनी, यंत्र कोणते?

मध्यप्रांत व वऱ्हाड या जुन्या प्रांताची राजधानी नागपूर होती, त्या काळात अनेक मराठी कुटुंबे बालाघाटास स्थिरावली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. सीमा बदलली, पण घरातले गाणे बदलले नाही. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर यांच्या ध्वनिमुद्रिका, जी. एन. जोशी यांनी गायिलेली मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची भावकविता आणि पुढे ‘गीतरामायणा’च्या एलपी, असा ऐवज जुन्या घरांच्या माळ्यावर अद्याप सापडतो. ग्रामोफोन केव्हाच मोडीत गेलेला असतो. तबकड्या मात्र उरतात.

अलीकडे तबकड्या ऐकण्याची हौस पुन्हा वाढली आहे. आपल्या व्यवसायबंधूंतही ‘कोणता टर्नटेबल घ्यावा?’ हा प्रश्न निघतो. परदेशी नियतकालिके वाचून मत बनविणारे पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्राचा, म्हणजे ‘बेल्ट ड्राइव्ह’चा, पुरस्कार करतात. आपल्या घरांतील संग्रहासाठी ‘डायरेक्ट ड्राइव्ह’ अधिक योग्य, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे येथे मांडतो.

प्रथम यंत्रांची शरीररचना पाहू. जुन्या घरगुती रेकॉर्ड-प्लेअरमध्ये मोटरच्या दांड्याला टेकलेले एक रबरी चाक तबकाच्या आतील कडेला घासून त्यास फिरवीत असे. रबर एका बाजूस चपटे झाले की घरघर सुरू होई. पट्ट्याच्या यंत्रात मोटर बाजूस असते आणि रबरी पट्टा तबकास फिरवितो. मोटरची थरथर पट्ट्यातच जिरते, म्हणून आवाज शांत लागतो. हा गुण नाकारण्याचे कारण नाही. तिसऱ्या प्रकारात मधला दुवाच नाही. तबक मोटरच्या आसावरच बसते आणि मोटर अगदी संथ, नेमकी तबकडीच्याच वेगाने फिरते. जपानच्या मात्सुशिता कंपनीने ‘टेक्निक्स’ या नावाने १९७० साली ‘एसपी-१०’ आणि १९७२ साली ‘एसएल-१२००’ ही अशी यंत्रे बाजारात आणली. १९७९ च्या ‘एमके-२’ आवृत्तीत क्वार्ट्‌झ स्फटिकाच्या साहाय्याने वेग स्थिर राखण्याची सोय झाली. त्या यंत्राच्या वेगातील सूक्ष्म चढउतार कंपनीने ०.०२५ टक्के इतका नोंदविला होता. या मोटरच्या ठरावीक धक्क्यांनी स्वर किंचित खडबडीत होतो, असा आक्षेप पूर्वी घेतला जाई. २०१० मध्ये उत्पादन थांबवून २०१६ मध्ये ते पुन्हा सुरू करताना कंपनीने लोखंडी गाभा नसलेली मोटर वापरली, ती हा दोष काढण्यासाठीच.

वेग हा येथे केवळ तांत्रिक मुद्दा नाही. तबकडी सुमारे सहा टक्के हळू फिरली की स्वर अर्ध्या पट्टीने उतरतो. काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी एकमध्ये गाऊ लागतो. गळ्याचा पोतही बदलतो, तानेची चपळाई मंदावते आणि ऐकणारा म्हणतो, ‘गायक थोर असतील, पण फार संथ गात.’ रक्तदाबमापकाचा शून्यच सरकलेला असेल, तर रुग्णाविषयी काढलेला निष्कर्ष कितपत खरा मानावा? विजेच्या वारंवारतेवर चालणाऱ्या जुन्या मोटरींचे असेच होत असे. पन्नास हर्ट्‌झची वारंवारता अठ्ठेचाळीसवर आली की वेग चार टक्के घटे. आज ग्रिडची वारंवारता पुष्कळ स्थिर आहे. लहान जनरेटरची मात्र नसते. क्वार्ट्‌झवर चालणाऱ्या मोटरीला या चढउताराची बाधा होत नाही. पट्ट्याच्या काही नव्या यंत्रांतही अशी सोय असते, हे खरे. परंतु आपल्याकडच्या उन्हाळ्यात रबरी पट्टा सैल पडतो आणि तो बदलून मिळणे लहान गावात सोपे नसते.

दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. पाश्चात्त्य शौकिनाचा संग्रह बहुधा एलपींचा असतो. आपला संग्रह मिश्र आहे आणि त्यातील सर्वांत मोलाचा भाग मिनिटाला ७८ फेऱ्यांचा आहे. या तबकड्या चपडा लाखेत खनिजाची पूड व काजळी मिसळून बनत. पळस-कुसुमावर पोसली जाणारी ही लाख आपल्या जिल्ह्याला अपरिचित नाही. पट्ट्याच्या बहुसंख्य यंत्रांत ७८ ची गतीच नसते. शिवाय आरंभीच्या अनेक ध्वनिमुद्रिका नेमक्या ७८ च्या गतीने मुद्रित झालेल्या नाहीत. तेथे वेग थोडा कमीजास्त करण्याची पट्टी लागते. डायरेक्ट ड्राइव्हच्या अनेक यंत्रांत ती असते. ती नृत्यगृहांतील वादकांसाठी केली गेली खरी, पण हार्मोनियम घेऊन बसणाऱ्या मराठी श्रोत्यालाही गायकाचा षड्ज जुळविण्यास ती उपयोगी पडते.

तरीही ‘डायरेक्ट ड्राइव्ह’ एवढे नाव वाचून खरेदी करू नये. जुने ‘एमके-२’ कोणी वापरलेले विकत देऊ केले, तर त्यात ७८ ची गती नाही, हे ध्यानात ठेवावे. २०१९ साली आलेल्या टेक्निक्सच्या ‘एसएल-१५००सी’मध्ये तिन्ही गती आहेत, सुईचा संच व अंतर्गत प्रवर्धकही आहे; परंतु वेग बदलण्याची पट्टी नाही. प्रामुख्याने एलपी ऐकणाऱ्यास ते उत्तम. त्याच वर्षीच्या ‘एसएल-१२०० एमके-७’मध्ये तिन्ही गती आणि पट्टी दोन्ही आहेत, मात्र प्रवर्धक वेगळा घ्यावा लागतो. ऑडिओ-टेक्निका कंपनीच्या ‘एलपी-१२०एक्स यूएसबी’मध्ये हे सारे असून ते संगणकालाही जोडता येते. त्याची बांधणी टेक्निक्सइतकी भक्कम नाही आणि वेगाची अचूकताही त्या तोलाची नाही. पण किंमत बरीच कमी आहे. मिश्र संग्रहाच्या घराला मी प्रथम हेच सुचवीन.

यंत्राहून अधिक जपावी ती सुई. ७८ च्या तबकडीची खाच रुंद. तिला सुमारे ७५ मायक्रॉन टोकाची सुई लागते. एलपीच्या सुईचे टोक सुमारे १८ मायक्रॉन. एकीची सुई दुसरीस लावली तर आवाज बिघडतो आणि तबकडीही खराब होते. सुटकेसच्या आकाराच्या स्वस्त यंत्रांत सुईचा दाब कमीजास्त करता येत नाही. वडिलांच्या एलपी त्यांवर लावू नयेत. लाखेची तबकडी स्पिरिटने पुसणे तर निश्चितच टाळावे. आपल्या दवाखान्यातली ही सवय येथे घातक, कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते.

प्रत्येकाने यंत्र घ्यावेच, असा आग्रह नाही. एका घरात वीस-पंचवीस तबकड्या असतील, तर ‘एमके-७’सारख्या यंत्राचा खर्च जड वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून सूचना अशी, की आपल्या संस्थेने असे एक यंत्र, दोन सुया आणि एक साधा संगणक सामाईक घ्यावा. ज्यांच्या घरी तबकड्या आहेत त्यांनी त्या आणाव्यात, योग्य गतीने वाजवून त्यांची प्रत जतन करावी आणि मूळ तबकडी उभी ठेवून घरी परत न्यावी. मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने संग्राहकांना एकत्र आणून या विषयात दीर्घकाळ काम केले आहे, लहान प्रमाणावर तसे येथे होण्यास अडचण नसावी.

आपल्या मुलांची शाळा हिंदी-इंग्रजीत होते. मराठी त्यांच्या कानावर पडते ती मुख्यतः घरी. आजोबांच्या संग्रहातील नाट्यपद योग्य पट्टीत, योग्य लयीत त्यांनी ऐकले, तर त्या भाषेचा डौल त्यांना वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. माळ्यावरच्या गठ्ठ्यांना दर उन्हाळ्यात थोडा बाक येतो, आणि घर बदलताना काही रद्दीत जातात. ते ओझे उतरविण्यापूर्वी एकदा ऐकून घ्यावे, एवढीच विनंती.