टू-जी स्पेक्ट्रम प्रकरण

टू-जी स्पेक्ट्रम प्रकरण हे भारताच्या दूरसंचार विभागाने २००८ मध्ये केलेल्या मोबाइल सेवा परवान्यांच्या वाटपातून उद्भवलेले प्रकरण आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हे परवाने रद्द केले. मात्र विशेष न्यायालयाने २०१७ मध्ये सर्व आरोपींची निर्दोष मुक्तता केली.

पार्श्वभूमी

भारतातील मोबाइल सेवा २२ दूरसंचार मंडलांत विभागलेली होती. मुंबई हे स्वतंत्र मंडल असून कोल्हापूरसह उर्वरित महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरे मंडल होते. मोबाइल सेवेसाठी लागणाऱ्या रेडिओ लहरींचा पट्टा, म्हणजेच स्पेक्ट्रम, परवान्याबरोबर मिळत असे.

परवाना वाटप

ए. राजा दूरसंचार मंत्री असताना १२२ परवाने 'प्रथम येणाऱ्यास प्राधान्य' या तत्त्वावर देण्यात आले. देशभराच्या परवान्याचे शुल्क २००१ च्या दराने, १,६५८ कोटी रुपये ठेवले गेले. अर्जांसाठी १ ऑक्टोबर २००७ ही अंतिम तारीख जाहीर झाली होती. नंतर २५ सप्टेंबरपर्यंतचेच अर्ज विचारात घेतले गेले. १० जानेवारी २००८ रोजी काही तासांच्या मुदतीत अटी पूर्ण करण्यास सांगण्यात आल्याने आधीच तयारीत असलेल्यांना लाभ झाला, असा आक्षेप घेतला गेला.

हितसंबंधांचा प्रश्न

एकाच मंडलातील दोन परवानाधारक कंपन्यांत कोणालाही १० टक्के किंवा अधिक हिस्सा ठेवता येत नसे. मुंबईतील डीबी समूहाच्या स्वान टेलिकॉममध्ये रिलायन्स टेलिकॉमचा ९.९ टक्के हिस्सा होता. स्वान ही प्रत्यक्षात रिलायन्सचीच आडून उभी केलेली कंपनी होती, असा आरोप केंद्रीय अन्वेषण विभागाने (सीबीआय) केला. डीबी समूहाशी संबंधित कंपन्यांमार्फत कलैग्नर टीव्हीला मिळालेले २०० कोटी रुपये ही लाच होती, असाही आरोप होता. न्यायालयात हे आरोप सिद्ध झाले नाहीत.

तपास यंत्रणाही या प्रश्नातून सुटली नाही. आरोपींशी झालेल्या भेटींच्या आरोपांवरून सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१४ मध्ये सीबीआयचे संचालक रणजित सिन्हा यांना या प्रकरणापासून दूर केले.

नुकसानीचे आकडे

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या २०१० च्या अहवालात संभाव्य नुकसान कमाल १.७६ लाख कोटी रुपये दाखवले होते. सीबीआयच्या आरोपपत्रात ही रक्कम ३०,९८४ कोटी रुपये होती. लिलाव झाला असता तर किती रक्कम मिळाली असती, हे गृहीतकांवर अवलंबून असल्याने आकड्यांत ही तफावत पडली.

न्यायालयीन निकाल

२ फेब्रुवारी २०१२ रोजी न्या. जी. एस. सिंघवी व न्या. ए. के. गांगुली यांच्या खंडपीठाने वाटप मनमानी ठरवून सर्व १२२ परवाने रद्द केले. २१ डिसेंबर २०१७ रोजी विशेष न्यायाधीश ओ. पी. सैनी यांनी पुराव्याअभावी सर्व आरोपींना मुक्त केले. सीबीआयला अपिलाची परवानगी दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये दिली.

हे निकाल परस्परविरोधी वाटत असले, तरी त्यांच्यापुढील प्रश्न भिन्न होते. सार्वजनिक संपत्तीचे वाटप न्याय्य पद्धतीने झाले का, हे पहिल्या निकालात तपासले गेले; विशिष्ट व्यक्तींचा गुन्हा संशयापलीकडे सिद्ध होतो का, हे दुसऱ्यात. त्यामुळे धोरण सदोष ठरूनही गुन्हेगारी जबाबदारी कोणावरही निश्चित झाली नाही.

परिणाम

निकालानंतर स्पेक्ट्रमचे वाटप लिलावाने होऊ लागले. युनिनॉरने नोव्हेंबर २०१२ च्या लिलावात महाराष्ट्र व गोवा मंडलाचा स्पेक्ट्रम पुन्हा मिळवला. मुंबईतील सेवा मात्र फेब्रुवारी २०१३ मध्ये बंद केली. परिणामी एकाच कंपनीची सेवा कोल्हापूरच्या मंडलात सुरू राहिली, तर मुंबईतील ग्राहकांना दुसरी कंपनी शोधावी लागली.