सकपाळांचा मुलगा आंबेडकर कसा?

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, एका निवृत्त महार सुभेदाराच्या मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टरचा क्रमांक १९१४. नाव, भिवा रामजी आंबेडकर. २०१७ पासून महाराष्ट्र शासन हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते, त्यामुळे ही नोंद आता सर्वांना माहीत आहे. पण बाप रामजी मालोजी सकपाळ, आजा मालोजी सकपाळ, सारे घराणे सकपाळ. मग मुलगा आंबेडकर कसा? हा प्रश्न आम्ही इतिहासाच्या हौसेपोटी विचारीत नाही. वाशिम जिल्ह्यातल्या आमच्या पोरांना हाच प्रश्न टेबलापलीकडून विचारला जातो आणि उत्तराचा कागद वेळेत दाखवता आला नाही तर हाती आलेली मेडिकलची सीट जाते, म्हणून विचारतो.

बाबासाहेबांच्या आडनावाचा प्रवास आधी पाहू. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे. आजोबा मालोजी फौजेत गेले, पाठोपाठ वडील रामजी फौजेत गेले. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूच्या लष्करी छावणीतला. वडील निवृत्त झाल्यावर कुटुंब दापोलीला, तिथून साताऱ्याला आणि पुढे मुंबईत परळला. गाव सुटले म्हणूनच गावाचे नाव आडनावात आले. जो गावातच राहतो त्याला गावाचे नाव लावण्याची गरज पडत नाही. बाहेर गेलेल्याला लोक विचारतात, बाबा, तू कुठला? आंबडव्याचा तो आंबडवेकर. या आंबडवेकरचे आंबेडकर कसे झाले यावर आपल्यात बराच वाद आहे. आंबेडकर आडनावाच्या ब्राह्मण शिक्षकाने आपले नाव दिले असे चरित्रकार सांगतात. ही कथा मागाहून रचली असे आपले काही अभ्यासक म्हणतात. आमच्या मते या वादात फार तेल जाळू नये. 'कर' लावलेले आडनाव हे गावाचे असते, ते कोणा एका जातीच्या मालकीचे नसते. एकाच गावातून निघालेला ब्राह्मण, मराठा आणि महार तिघेही एकच 'कर' लावू शकतात.

आता वाचकांनी क्षणभर कल्पना करावी. वडील सकपाळ, अर्जदार आंबेडकर, जन्म महूचा, मूळ गाव कोकणातले, शाळा साताऱ्याची. ही फाईल आजच्या एखाद्या जात पडताळणी समितीपुढे गेली असती तर शेरा काय पडला असता? 'आडनावात तफावत. वंशावळ सिद्ध होत नाही. त्रुटीची पूर्तता करावी.' ज्यांनी घटना लिहिली त्यांनाच घटनेने दिलेल्या हक्कासाठी चकरा मारायला लावणारी ही कारकुनी आहे!

आमच्या पूर्वजांना आडनाव होते तरी कुठे? १ जानेवारी १८१८ च्या लढाईची साक्ष देणाऱ्या कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभावर २२ महार वीरांची नावे आहेत. त्यांच्या मागे 'नाक' आहे. नाव, बापाचे नाव आणि शेवटी 'नाक', एवढीच ओळख. वऱ्हाडच्या जुन्या कागदांत तर 'अमुक वल्द तमुक महार' एवढेच सापडते. गावकामगाराला आडनावाने हाक मारण्याची गरज गावगाड्याला वाटली नाही. आडनाव आले ते शाळेत, फौजेत, गिरणीत आणि रेल्वेत नाव घालायची वेळ आली तेव्हा. तेही लिहिणाऱ्या मास्तराच्या किंवा बाबूच्या मर्जीने. एका भावाला कुळाचे नाव लागले, दुसऱ्याला गावाचे.

वाशिमचे तर आणखी वेगळे. आपल्या जिल्ह्यात वानखडे, इंगोले, खंडारे, तायडे, गवई, पडघान, खिल्लारे, कांबळे अशी कितीतरी आडनावे आपल्या समाजात आहेत. यातले वानखडे कुणब्यांतही आहेत, इंगोले मराठ्यांतही आहेत. तेव्हा आडनावावरून जात ओळखू पाहणारा माणूस वऱ्हाडात हमखास फसतो. पैनगंगा ओलांडली की हिंगोली. आज रिसोडचा माणूस सोयरिकीला सहज पलीकडे जातो, पण १९५६ पर्यंत नदीच्या पलीकडे हैदराबाद राज्य होते आणि अलीकडे मध्यप्रदेश, ज्याची राजधानी नागपूर. दुष्काळात किंवा गावच्या जाचाला कंटाळून पलीकडचे कुटुंब इकडे आले, तर त्याने एक नदी ओलांडली खरी, पण कागदोपत्री एक राज्यच ओलांडले. इकडे कोणी त्याला सोडून आलेल्या गावावरून हाक मारली, तर तेच नाव नातवाच्या दाखल्यावर चढले. मूळ कुळाचे नाव पलीकडच्या चुलत्याच्या घरी राहून गेले.

त्यात जिल्ह्याचीही फिरवाफिरव. इंग्रजी अमलात वाशिम स्वतंत्र जिल्हा होता, १९०५ मध्ये तो मोडून अकोल्यात घातला, पुसद यवतमाळकडे गेले. १ जुलै १९९८ रोजी वाशिम पुन्हा जिल्हा झाला. म्हणून पणजोबांच्या जन्माची नोंद आज वाशिमला मिळाली नाही, तर ती नाहीच असे समजून घरी बसू नये. जुन्या नोंदींसाठी अकोल्याच्या अभिलेख कक्षाची पायरी चढावी लागते. कोतवाल बुकाची नक्कल मागावी, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर पाहावे. पाने मोडीत असतील तर मोडी वाचणारा गाठावा.

जर्मन लोकांचे उदाहरण पाहा. दळण दळणारा म्हणून म्युलर झालेले कुटुंब अमेरिकेत गेले की मिलर होते. ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा जोसेफ याने १७८७ मध्ये हुकूम काढून ज्यूंना जर्मन आडनावे घ्यायला लावली. या लोकांचे वंशज आज चर्चची जुनी रजिस्टरे आणि जहाजांच्या प्रवासी याद्या चाळून आपल्या घराण्याचा प्रवास शोधतात. वंशवृक्ष हा त्यांच्या फावल्या वेळातला छंद आहे. आमच्या पोराला तोच वंशवृक्ष शपथपत्रावर, अॅडमिशनच्या मुदतीच्या आत, शिक्क्यानिशी सादर करावा लागतो.

अलीकडेच एक प्रकरण आमच्याकडे आले. मालेगाव तालुक्यातली मुलगी, बाप सेंटरिंगच्या कामावर. पणजोबांच्या नोंदीत आडनावाच्या जागी फक्त 'महार'. आजोबांच्या शाळेत गावाचे नाव. वडिलांच्या दाखल्यावर कुळाचे आडनाव आणि जातीच्या रकान्यात 'बौद्ध'. एका समितीने लेखी विचारले की हे तिघे एकाच घरातले कशावरून? बापाने आम्हाला विचारले, "वकीलसाहेब, माह्या बापाचा बाप कोण होता हे आता सरकार ठरवणार काय?" आम्ही गावातल्या दोन वृद्धांची शपथपत्रे केली, चुलतभावाचे वैधता प्रमाणपत्र जोडले, कोतवाल बुकाची नक्कल आणली. काम झाले. पण ज्यांना वकील परवडत नाही त्यांचे काय?

पडताळणीच नको असे आमचे म्हणणे नाही. बोगस दाखल्यांवर आमच्या जागा किती लुटल्या गेल्या हे चळवळीला ठाऊक आहे. २००० चा जातप्रमाणपत्र कायदा १८ ऑक्टोबर २००१ पासून लागू झाला तो त्याच कारणाने. पण त्याच्या कलम ८ ने पुराव्याचा सगळा भार अर्जदारावर टाकला. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षराला शिवू दिले नाही, त्याच्याकडे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा कागद मागायचा, हा न्याय कुठला? आणि या कायद्यात आडनाव हा जातीचा निकष म्हणून सांगितलेला नाही, हे अर्जदारांनी आणि त्रुटी काढणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे. रक्तनात्यातल्या व्यक्तीला रीतसर वैधता मिळाली असेल आणि त्यात लबाडी नसेल, तर दुसऱ्याला ती नाकारू नये, असे मुंबई उच्च न्यायालयाने अपूर्वा निचळे प्रकरणात २०१० मध्येच सांगितले. स्वातंत्र्यापूर्वीच्या कागदाला अधिक वजन द्यावे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या आनंद प्रकरणात म्हटले. तो निवाडा आदिवासींच्या दाव्यावरचा असला तरी पुराव्याचे तत्त्व आपल्यालाही उपयोगी आहे.

आणखी एक अडचण आपल्या धम्मक्रांतीनंतरची आहे. १९५६ नंतर आपल्या लोकांनी अभिमानाने 'बौद्ध' लिहिले, ते योग्यच केले. पण केंद्राच्या यादीत बौद्धांना जागा मिळायला १९९० उजाडले. मधल्या ३४ वर्षांतल्या दाखल्यांवर कुठे महार, कुठे बौद्ध, कुठे नवबौद्ध. त्यात आता काही तरुण आडनावच टाकून देतात, नुसते बापाचे नाव लावतात. माल्कम लिटलने गोऱ्या मालकांनी दिलेले आडनाव टाकून तिथे 'एक्स' लिहिला, तो स्वाभिमान आम्हाला समजतो. ज्याला टाकायचे त्याने खुशाल टाकावे, पण राजपत्रात प्रसिद्धी देऊन टाकावे आणि जुने दाखले जाळू नयेत. २०२० मध्ये सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, त्याचे स्वागतच आहे. पण घरपट्टीच्या जुन्या पावतीवर 'महारवाडा' लिहिले असेल, तर ती पावती फाडू नका. उद्या तीच तुमच्या नातीच्या बाजूने साक्ष देईल.

पुण्याला, सुरतेला कामाला गेलेल्या बांधवांनी तर विशेष सावध राहावे. सुरतेत जन्मलेल्या मुलाला गुजरातमध्ये अनुसूचित जातीची सवलत मिळत नाही. १९९० च्या मर्री चंद्रशेखर राव निकालापासून कायदा असाच आहे, २०१८ च्या बीरसिंग निकालानेही त्यात फरक पडला नाही. त्याचा हक्क त्याच्या मूळ राज्यात, म्हणजे इथे वाशिमलाच आहे. तेव्हा गावच्या शाळेतला आजोबांचा दाखला सुरतेच्या खोलीत पत्र्याच्या पेटीत नीट ठेवलेला असला पाहिजे. आमची विहारांच्या समित्यांना सूचना आहे की या वर्षावासात रविवारच्या वंदनेनंतर एक तास काढावा, गावातल्या म्हाताऱ्यांना बोलावावे आणि प्रत्येक घराच्या चार पिढ्यांची नावे, कोण कुठून आले, कोणते आडनाव कधी लागले, हे एका वहीत उतरवून घ्यावे. सांगणारी माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत.