सात अंश, पण कशावर?

जानेवारीत हॉस्टेलवर कुणी बादलीत रॉड टाकून पाणी सात अंशांनी तापवलं तर आपण त्याच्यामागे नंबर लावतो. तेच मे महिन्यात, गच्चीवरच्या टाकीतून आधीच कढत आलेल्या पाण्याला केलं तर त्याला वेड्यात काढू. रॉड तोच, सात अंशही तेच! एवढी साधी गोष्ट आपल्या पर्यावरणाच्या नियमात का नसावी, असा मला प्रश्न पडलाय.

पडला तो गोराईला. गेल्या मे महिन्यात सबमिशन संपल्याच्या आनंदात आम्ही चौघं बोरिवलीहून बोटीने खाडी ओलांडून गेलो होतो. (अभ्यासदौरा वगैरे काही नाही, उगाच गैरसमज नको.) ओहोटी होती. खडकाच्या खळग्यात साचलेलं पाणी पायाला चटका देत होतं, आणि चार पावलांवर समुद्र नुसता कोमट. तेव्हा मामेबहिणीने दिवाळीत मालवणला दाखवलेलं गुलाबी शेवाळ आठवलं. ती वनस्पतीशास्त्रवाली. ऑइलपेंट सांडून वाळावा तसा खडकावर कडक थर, नखाने निघत नाही. हे कोरलाइन शैवाल. लाल शैवालांच्या कुळातलं; पेशींच्या भिंतींत कॅल्साइट भरत जातं. सिव्हिलवाल्यांनी याला दंडवत घालावा, कारण प्रवाळाचे तुटके तुकडे हेच एकत्र जखडून ठेवतं. शिवाय प्रवाळाच्या अनेक जातींची पिल्लं बूड टेकायला जागा शोधतात तीही याच्यावर.

वाढ मात्र अगदी गोगलगायीची, बऱ्याच जातींत वर्षाला काही मिलिमीटर. पाणी कोमट होत गेलं की एका मर्यादेपर्यंत ही वाढ वेग धरते. मर्यादा ओलांडली की कमाईपेक्षा खर्च जास्त: रंग उडतो, पांढरे डाग पडतात, थर मरतो. गंमत म्हणजे पाणी जितकं गरम तितकं त्या कॅल्साइटमध्ये मॅग्नेशियम जास्त. त्यावरून थंड समुद्रातल्या जुन्या थरांतून शेकडो वर्षांचं तापमान वाचता येतं. बॅटरी न लागणारा डेटालॉगरच म्हणा ना!

भूमध्य समुद्रातल्या लिथोफायलम नावाच्या अशाच एका शैवालावरचा प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. पाणी ऋतुमानाच्या तापमानापेक्षा तीन अंश जास्त ठेवलं होतं. शैवाल सडायला लागलं ते उन्हाळा संपता संपता; कार्बन डायऑक्साइड वाढवलेल्या पाण्यात तर त्याहून आधी आणि जास्त. तीन अंश वर्षभर तेच होते, मारलं उन्हाळ्याने.

आता आपला नियम बघा. १ जून १९९९ नंतर सुरू झालेल्या आणि समुद्राचं पाणी वापरणाऱ्या औष्णिक वीज केंद्रांमुळे लगतच्या पाण्याचं तापमान मूळ तापमानापेक्षा ७ अंशांहून जास्त वाढता कामा नये. म्हणजे फक्त डेल्टा टी. मुंबईजवळचा समुद्र हिवाळ्यात साधारण २५ अंश, मे महिन्यात ३०च्या आसपास. ७ मिळवा: ३२ आणि ३७. कागदावर दोन्ही पास! आणि पंखे-एसी फुल्ल चालतात, कंडेन्सरवर लोड येतो, तो नेमका मे महिन्यातच.

आमच्या एका सरांचं म्हणणं, किनाऱ्याकिनाऱ्याला वेगळी मर्यादा घातली तर तपासणार कोण? बरोबर आहे, डेल्टा टी मोजायला सोपा. पण सर, वजाबाकी करायला दोन्ही तापमानं घ्यावीच लागतात. आकडा हातात असतो, तो आपण वजाबाकी करून फेकून देतो. डेल्टा टी राहू दे. सोबत त्या त्या किनाऱ्यासाठी एक कमाल तापमान लिहा, आणि ते तिथल्या खडकावर काय जगतं ते बघून ठरवा.

२०२० साली मुंबईत कोस्टल रोडसाठी खडकांवरचे प्रवाळ उचलून दुसरीकडे लावावे लागले. असं गरम पाणी तर उचलून कुठे नेता येत नाही. इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांनो, फायनल इयरचा प्रोजेक्ट शोधताय ना? एक थर्मोकपल आणि वॉटरप्रूफ डबी घेऊन या. गोराईचा तो खळगा मी दाखवतो, बोटीचं तिकीट माझ्याकडून.