झोपाळू म्हणून काढण्याआधी

सभासद बंधूंनो, हंगाम सुरू झाला की कारखाना तिन्ही पाळ्यांत चालतो. रात्री गव्हाणीपाशी एखादा कामगार पेंगला की आपण सरळ म्हणतो, "काढा त्याला!" कायदाही कडक आहे. पुण्याच्या भारत फोर्जमध्ये 1983 साली एक कामगार कामाच्या वेळी झोपलेला सापडला. ती त्याची चौथी खेप. त्याची बडतर्फी सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली योग्य ठरवली.

गव्हाणीपाशी झोप म्हणजे जिवाशी गाठ, हे आम्हांस मान्य आहे. पण प्रत्येक पेंगणे आळसाचे नसते. घोरताना श्वास अडकून रात्रभर झोपमोड होणे, दिवसा अनावर झोप येणे, हे आजार आहेत. त्यांवर उपचार आहेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार दिले आहेत. त्यांत झोपेच्या विकाराचे नाव नाही. म्हणजे अशा माणसाला कायद्याचा आधार तोकडाच.

मग आधार कोण देणार? इथे मालक आपणच. आमचे म्हणणे एवढेच, की नोटीस देण्याआधी त्याला डॉक्टरकडे पाठवा. आजार निघाला तर धोक्याच्या जागेवरून हलवा, दिवसपाळी द्या, उपचाराला मुदत द्या. त्यानंतरही हयगय दिसली तर खुशाल कारवाई करा. ऊस पिवळा पडला म्हणून आपण लगेच मोडत नाही. मुळाशी हुमणी आहे का, ते आधी उकरून बघतो.

आपलीही पोरे ठाण्याला, कोलशेतकडे, रात्रपाळीची रखवाली करतात. तिथल्या मालकाने त्यांच्याशी जसे वागावे असे वाटते, तसेच आपण इथे वागू या. येत्या सभेत तसा ठराव मांडा.